नळी, पेटी, डबी : विषबाण-बेडकांच्या पाळणुकीचा इतिहास

माणसाने एखादा प्राणी कशात ठेवला, यावरून त्याला त्या प्राण्याकडून काय हवे होते ते बहुतेक वेळा कळते. गोठा दूध-शेण सांगतो, पिंजरा गाणे सांगतो, खुराडे अंडी सांगते. मध्य व दक्षिण अमेरिकेतील ज्या इवल्याशा, झगझगीत रंगांच्या बेडकांना इंग्रजी भाषा 'डार्ट फ्रॉग' म्हणते, त्यांना गेल्या दोनशे वर्षांत माणसाने मुख्यतः तीन वस्तूंत कोंडले. पहिली वेताची पोकळ नळी, दुसरी झाडे लावलेली काचेची पेटी, तिसरी कॅमेऱ्याच्या फिल्मची प्लॅस्टिकची डबी. या तीन वस्तूंचा क्रम लावला की या बेडकांच्या पाळणुकीचा इतिहास जवळजवळ पुरा सांगून होतो. शिवाय 'जतन करणे' आणि 'जवळ बाळगणे' या दोन क्रियापदांतील अंतरही स्पष्ट होते. साहित्याच्या अभ्यासकाला हे अंतर परके नसावे.

नावाचा घोटाळा

आरंभी नावाचा विचार केला पाहिजे. या कुळात (डेंड्रोबॅटिडी) सुमारे २०० जाती आहेत. त्यांपैकी ज्यांचे विष फुंकनळीच्या बाणांना लावले जात असल्याची खात्रीशीर नोंद आहे, अशा जाती अवघ्या तीन. तिन्ही कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील, आणि तो वापर एम्बेरा व त्यांच्याशी निगडित लोकांचा. उरलेल्या जातींचा बाणाशी काडीचा संबंध नाही, तरीही साऱ्या कुळाला तेच नाव चिकटले. तिघा भावांच्या पराक्रमावरून गावभराच्या आडनावाला 'शूर' जोडावे, तसाच हा प्रकार. (प्रचलित झाल्यामुळे प्रस्तुत लेखातही आपण 'विषबाण-बेडूक' हाच शब्द वापरू.)

शास्त्रीय नावांतही दंतकथा दडलेल्या आहेत. गियानांच्या प्रदेशातील निळ्या-पिवळ्या बेडकाला कूव्हिएने १७९७ मध्ये 'टिंक्टोरियस' म्हणजे 'रंगारी' असे विशेषण दिले. अमेरिकेतील मूलनिवासी हिरव्या पोपटाची पिसे उपटून तेथल्या कातडीवर या बेडकाचा स्राव चोळतात आणि मग पिवळी वा तांबडी पिसे उगवतात, असा समज अठराव्या शतकातील युरोपात रूढ होता. विशेषण त्या समजावरून आले. बेडूक युरोपात जिवंत पोचण्याआधी अशी त्याची गोष्ट पोचली होती, आणि गोष्टीने प्रथम पाहिले ते त्याचा उपयोग काय ते.

नळी

या बेडकांना माणसाने पाळल्याचा एक जुना लिखित उल्लेख चार्ल्स स्टुअर्ट कॉक्रेन या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या कोलंबियाच्या प्रवासवर्णनात सापडतो. प्रवास १८२३-२४ चा, पुस्तक १८२५ चे. विष वापरणारे लोक रानातून बेडूक धरतात, पोकळ नळीत कोंडतात, विषाची गरज पडेपर्यंत त्यांना नियमाने खाऊ घालतात आणि मग त्यांतला एक काढून अणकुचीदार काडीने भोसकतात, असे तो सांगतो. त्या यातनेने बेडकाच्या पाठीवर पांढरा फेस येतो, त्यात बाणांची टोके बुडवली जातात.

हे वर्णन क्रूर आहे, आणि कॉक्रेनला 'रानटी' लोकांचे क्रौर्य दाखवण्यात रसही असावा. पण त्यातील 'नियमाने खाऊ घालतात' हा तपशील नजरेतून सुटू नये. येथे बेडूक पाळला जात होता, त्याचे पोट भरले जात होते, ते विषासाठी. नळीत ठेवलेला बेडूक रानापासून फार लांब गेलेला नव्हता. आज धरला, काही दिवसांनी वापरला, इतकेच. त्याचे विष हेच त्याचे मूल्य होते आणि ते शाबूत राही.

पुढे या विषाचा शास्त्रीय शोध सुरू झाला. जॉन डेली, बर्नहार्ड विटकॉप आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 'बॅट्रॅकोटॉक्सिन' वेगळे केले. १९६९ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली. मज्जातंतू व स्नायू यांच्या पेशींत सोडियमच्या वाहिन्या असतात. त्या क्षणभर उघडतात, मिटतात, आणि या उघडझापीवर हृदयाचे ठोके चालतात. बॅट्रॅकोटॉक्सिन त्या वाहिन्या मिटूच देत नाही. १९७८ मध्ये चार्ल्स मायर्स, डेली आणि बोरिस मॅल्किन यांनी कोलंबियातील सोनेरी बेडकाचे वर्णन केले आणि त्याचे नाव ठेवले 'टेरिबिलिस', म्हणजे भयंकर. या जातीसाठी काडी वा विस्तव काहीच लागत नाही. जिवंत बेडकाच्या पाठीवर बाणाचे टोक घासले की पुरते, आणि बेडूक पुन्हा सोडून देता येतो. कॉक्रेनने रंगवलेल्या चित्राच्या शेजारी हा तपशील ठेवून वाचला पाहिजे.

पेटी

आता दृश्य बदलते. लंडनच्या पूर्व भागात नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड (१७९१-१८६८) नावाचा एक डॉक्टर राहत होता. त्याला नेच्यांचा नाद. पण कोळशाच्या धुराने त्याच्या परसातले नेचे जगत नसत. १८२९ मध्ये त्याने पतंगाचा एक कोश ओलसर मातीत, झाकणाच्या बाटलीत ठेवला. पतंगाचे जे व्हायचे ते झाले असेल, वॉर्डचे लक्ष वेधले ते मातीतून आपोआप उगवलेल्या एका नेच्याने आणि गवताच्या पात्याने. दिवसा बाटलीच्या काचेवर दमट वाफ साचे, संध्याकाळी ती ओघळून मातीत परते. कोणी पाणी न घालता ती रोपे जवळजवळ चार वर्षे जगली. अखेर झाकण गंजले, पावसाचे पाणी आत गेले आणि ती कुजली.

एका पतंगाचा कोश जपायला गेलेल्या माणसाच्या हाती असा एक छोटासा बंदिस्त पाऊस लागला. वॉर्डने त्यावरून काचेच्या पेट्या बनवल्या. १८३३ मध्ये कॅप्टन चार्ल्स मॅलार्डच्या जहाजावरून अशा पेट्यांतून इंग्लंडची रोपे सिडनीला धाडली, ती हिरवीगार पोचली. परतीच्या पेट्यांतून ऑस्ट्रेलियाचे नेचे लंडनला आले. १८४२ मध्ये वॉर्डने या विषयावर पुस्तक लिहिले.

यापुढचा इतिहास आपल्याला अधिक जवळचा आहे. रॉबर्ट फॉर्च्यूनने ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत चीनमधून चहाची रोपे हिंदुस्थानात आणली, ती वॉर्डच्या पेट्यांतून. १८६० नंतर दक्षिण अमेरिकेतला सिंकोना निलगिरीवर रुजला आणि १८७६ मध्ये ॲमेझॉनच्या रबराची रोपे क्यू बागेतून श्रीलंकेला गेली, तीही याच पेट्यांतून. आपण जो चहा पितो आणि हिवतापावर आपल्या आज्या-पणज्यांनी जे कोयनेल घेतले, त्यांच्यामागे ही काचपेटी उभी आहे. धुरापासून एक नेचे वाचवण्यासाठी सुचलेली युक्ती साम्राज्याच्या हाती पडली आणि एका खंडाची संपत्ती दुसऱ्या खंडात नेण्याचे साधन झाली. पेटीत रोपाबरोबर माती जाई आणि मातीबरोबर किडे, बुरशी, रोगही जात. काच ओलावा अडवून धरी. आत आधीच शिरलेले मात्र तिला दिसत नसे. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

इंग्लंडमध्ये हीच पेटी दिवाणखान्याची शोभाही झाली. नेच्यांचे वेड इतके वाढले की चार्ल्स किंग्स्लीने १८५५ मध्ये त्याला 'टेरिडोमेनिया' असे नाव दिले. आजचे टेरॅरियम हे या दिवाणखान्यातल्या पेटीचे वंशज आहे.

पेटीतले रान

१९७०-८० च्या दशकांत जर्मनी व नेदरलँड्समधील आणि पुढे अमेरिकेतील हौशी लोक विषबाण-बेडूक पाळू लागले. हे बेडूक दिवसा वावरतात, रंगांनी डोळ्यांत भरतात आणि आकाराने बहुतेक अंगठ्याच्या पेरापासून दोन पेरांपर्यंत. काचेआड ठेवण्यासाठी जणू घडवलेलेच. परंतु त्यांना रान लागते, म्हणून रान उभारावे लागते. तळाशी पाणी निथळण्यासाठी हलक्या खड्यांचा थर, त्यावर कोळसा मिसळलेली भुसभुशीत माती, वर पाचोळा. पाठीमागच्या भिंतीवर शेवाळे, नेचे आणि ब्रोमेलियाड. अननसाच्या कुळातील या झाडाच्या पानांच्या बेचक्यांत पाणी साठते. हवेत दमटपणा आपल्या आषाढासारखा, तापमान साधारण २२ ते २६ अंश. पाचोळ्यात बारीक उडते किडे सोडतात; ते बुरशी खातात आणि बेडूक त्यांना खातात. मुख्य अन्न म्हणजे फळांवरची चिलटे. आनुवंशिकतेच्या प्रयोगशाळांनी जोपासलेले, उडता न येणारे त्यांचे वाण कॅल्शियम-जीवनसत्त्वांच्या भुकटीत घोळवून दिले जातात. अंडी घालण्यासाठी नारळाची अर्धी करवंटी पालथी घालून तिच्याखाली काचेची बशी ठेवतात. काही जातींसाठी आणखी एक सोय करतात, ती म्हणजे कॅमेऱ्याच्या फिल्मची काळी डबी, भिंतीला तिरपी टेकवलेली. अंधारी, ओलसर, अरुंद जागा त्या बेडकांना आवडते. ही डबी वाचकांनी ध्यानात ठेवावी.

या पेटीने ज्ञान दिले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अनेक जातींत नर अंड्यांची राखण करतो आणि पिल्ले पाठीवर घेऊन पाण्यापर्यंत नेतो. 'स्ट्रॉबेरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तांबड्या बेडकात मादी एकेक पिल्लू वेगवेगळ्या ब्रोमेलियाडच्या पाण्यात सोडते आणि दर काही दिवसांनी प्रत्येकाकडे परतून त्याला खाण्यासाठी न फळलेले अंडे घालते. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ पीटर वेगोल्ट यांनी १९८० मध्ये या संगोपनाचे जे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले, ते बंदिवासातील बेडकांच्या निरीक्षणावर आधारलेले होते. रानात उंच झाडावरच्या पानाच्या बेचक्यात डोकावणे अवघड. काचेतून ते घरबसल्या दिसले.

हौशी मंडळींची एक शिस्त तर आपल्या पाठचिकित्सेच्या शिस्तीशी नाते सांगते. एकाच जातीचे बेडूक दोन बेटांवर, दोन दऱ्यांत अगदी वेगळ्या रंगांचे असतात. जाणते पाळणारे या रंगभेदांचा संकर होऊ देत नाहीत. प्रत्येक जोडी कोणत्या ठिकाणची, कोणत्या वर्षी आणलेल्या वंशातली याची नोंद ठेवतात. हस्तलिखिताची कुळी लावणारा संपादक निरनिराळ्या परंपरांचे पाठ एकत्र कालवत नाही, तसेच हे. फरक एवढाच की पोथीचे मूळ स्थळ पोथीला जन्मभर पुरवठा करीत नसते. बेडकाचे करते, हे लवकरच दिसून आले.

विष गेले

डेली यांच्या गटाने १९८० मध्ये एक चकित करणारी गोष्ट प्रसिद्ध केली. रानातून धरलेल्या सोनेरी बेडकाचे विष बंदिवासात सहा वर्षांपर्यंतही टिकलेले आढळले, पण बंदिवासातच जन्मून वाढलेल्या पिढीत ते मुळीच नव्हते. तीच जात, तोच रंग. पाठीवर काही नाही. कारण हळूहळू उलगडले. पनामातील हिरवे-काळे बेडूक १९३२ मध्ये डासांच्या बंदोबस्तासाठी हवाईतील ओआहू बेटावर सोडले होते. त्यांच्या वंशजांच्या कातडीतील विषारी द्रव्यांची यादी मूळ पनामातील बेडकांशी पुरती जुळत नव्हती. पेटीत चिलटांवर वाढलेल्यांची यादी तर कोरीच. विष बेडूक बनवत नाही, तो ते अन्नातून गोळा करतो: रानातल्या मुंग्या, सूक्ष्म कोळीकिडे, भुंगेरे यांतून. २०१४ मध्ये असेही दाखवले गेले की स्ट्रॉबेरी बेडकाची मादी पिल्लांना अंडी खाऊ घालते, तेव्हा त्या अंड्यांतून विषही देते. म्हणजे रानात आईच्या भरवण्यातच पिल्लाचे संरक्षणही भरलेले असते.

याचे परिणाम केवळ कुतूहलापुरते नव्हते. डेली यांनी १९७४ मध्ये इक्वेडोरमध्ये एका छोट्या बेडकापासून मिळवलेल्या द्रव्याच्या अंशात मॉर्फीनच्या सुमारे २०० पट वेदनाशामक शक्ती आढळली. पुढे ते द्रव्य पुन्हा मिळवणे दुरापास्त झाले. बंदिवासात वाढलेल्या बेडकांत ते नव्हतेच आणि रानातून बेडूक आणण्यावर निर्बंध आले होते. अखेर जपून ठेवलेल्या कणभर नमुन्यावर नवी यंत्रे वापरून १९९२ मध्ये 'एपिबॅटिडीन'ची रचना कळली. औषध म्हणून ते फार विषारी ठरले, पण वेदनेच्या संशोधनाला त्याने नवी वाट दिली. पेटीत बेडूक होते आणि औषधाची शक्यता मात्र रानातल्या पाचोळ्यात राहिली होती.

कॉक्रेनच्या नळीशी ही पेटी ताडून पाहावी. नळीला विष हवे होते, बेडकाचे रूप तिच्या लेखी शून्य. पेटीला रूप हवे आहे, आणि विष नसणे हीच तिची सोय. ज्या पिवळ्या-निळ्या रंगाचा अर्थ रानात 'मला शिवू नका' असा होता, तो रंग आता 'मला पाहा' असे सांगतो. चिन्ह तेच राहिले, त्याचा आधार गेला आणि अर्थ उलटला. संदर्भातून उचललेल्या वाक्याचे असेच होते, हे आपण वर्गात वेगळ्या शब्दांत शिकवतो.

डबी

१९८७ मध्ये विषबाण-बेडकांच्या प्रमुख प्रजाती 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या आणि त्यांच्या व्यापारावर परवान्यांचे बंधन पडले. (त्याच वर्षी भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. आपले बेडूक ताटासाठी जात होते, त्यांचे दिवाणखान्यासाठी.) सहज वाढणाऱ्या जातींचा प्रश्न यामुळे बराच सुटला, पेटीतली पैदास मागणीला पुरली. अडचण उरली ती अंडी भरवणाऱ्या मातांच्या गणाची. त्यांची पिल्ले आईवाचून वाढवणे अत्यंत कठीण, म्हणून पैदास थोडी, म्हणून किंमत जबर, म्हणून चोरी. ज्या वात्सल्याने वेगोल्ट यांना थक्क केले, तेच व्यापाराच्या गणितात त्या बेडकांच्या मुळावर आले.

एप्रिल २०१९ मध्ये बोगोटाच्या विमानतळावर एका बॅगेत ४२४ विषबाण-बेडूक सापडले. जर्मनीला जायचे होते आणि भरलेले होते फिल्मच्या डब्यांत. जानेवारी २०२४ मध्ये त्याच विमानतळावर आणखी १३० पकडले गेले, पुन्हा तशाच डब्यांत. पेटीतल्या करवंटीशेजारी अंडी घालण्यासाठी जी डबी टेकवतात, तीच ही. एकीकडे वंश वाढवण्याची जागा, दुसरीकडे वंश उचलून नेण्याची. डिजिटल कॅमेऱ्याने निकामी केलेली ही वस्तू या दोन कामांसाठी मात्र टिकून आहे. कोलंबियातील 'टेसोरोस दे कोलंबिया' ही संस्था दुर्मीळ जातींची कायदेशीर पैदास करून ते बेडूक निर्यात करते, ती याच चोरीला उत्तर म्हणून: रीतसर बेडूक बाजारात असेल तर चोरीच्या बेडकाला गिऱ्हाईक कमी होईल. हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे, जरी तो शेवटी हव्यासाला पुरवठ्याने उत्तर देतो. भारतात २०२२ च्या दुरुस्तीने 'साइट्स'च्या याद्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आल्या आणि २०२४ च्या नियमांनी अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची केली. म्हणजे हा प्रश्न आपल्या दिवाणखान्यांपर्यंतही आलेला आहे.

आणि आता वॉर्डच्या पेटीतल्या मातीकडे परत जावे लागते. गेल्या काही दशकांत जगभरचे बेडूक एका बुरशीने मरत आले. २०१९ मधील एका मोठ्या आढाव्यानुसार उभयचरांच्या सुमारे ५०० जातींची घट आणि ९० जातींचे नष्ट होणे तिच्याशी निगडित आहे. तिचे शास्त्रीय वर्णन झाले १९९९ मध्ये, आणि ज्या बेडकापासून ती वेगळी केली तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील निळा विषबाण-बेडूक होता. म्हणून तिचे नाव 'बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस'. २०१८ मधील जनुकीय अभ्यासाने या रोगाचे मूळ पूर्व आशियात दाखवले आणि प्रसाराचा ठपका उभयचरांच्या व्यापारावर ठेवला. काचेआडच्या या बेडकाचा त्या प्रसारात काही दोष नसताना त्याच्या कुळाचे नाव एका साथीला मिळाले. या कुळाच्या वाट्याला आलेले हे दुसरे चुकीचे नाव.

तरी पेटीला केवळ खलनायक ठरवता येत नाही. ही बुरशी पनामात पसरली तेव्हा २००६ मध्ये एल व्हाये येथील एका हॉटेलच्या खोल्यांत रानातले बेडूक आणून काचपेट्यांत ठेवावे लागले. तेथला राष्ट्रीय मानबिंदू असलेला सोनेरी बेडूक (तो विषबाण-कुळातला नव्हे) २००९ नंतर रानात दिसेनासा झाला. जो तगला तो पेट्यांत. अशा वेळी पेटी नको म्हणणे म्हणजे बेडूकच नको म्हणणे होय.

'कूपमंडूक' हा शब्द आपण संकुचित दृष्टीच्या माणसाला लावतो. दोष बेडकाचा, असे त्यात गृहीत आहे. विषबाण-बेडकाचा इतिहास वाचताना ते गृहीत तपासावेसे वाटते, कारण हा कूप माणसाने बांधला, आपल्या सोयीने त्याला काच लावली आणि आत पाऊसही पाडला. पेटीतल्या बेडकाबद्दल विचारायचा प्रश्न 'तो सुखी आहे का' एवढाच नाही. ज्या पाचोळ्याने त्याला घडवले तो पाचोळा अजून शिल्लक आहे का, हा खरा प्रश्न. तो असेल तर पेटी ही एक उपयुक्त प्रत आहे. तो नसेल तर मूळ हरवलेली प्रत जपण्याची जबाबदारी तिच्यावर येते, आणि त्या प्रतीत काय गळले आहे याची नोंद ठेवण्याचीही.

डेली यांच्या १९८० च्या त्याच अभ्यासात आणखी एक निरीक्षण आहे. बंदिवासात जन्मलेल्या, विषाचा कणही न चाखलेल्या बेडकांच्या मज्जातंतूंवर आणि स्नायूंवर बॅट्रॅकोटॉक्सिनचा परिणाम होत नव्हता. विष गेले होते, ते पचवण्याची तयारी मात्र पिढीबरोबर आली होती. ते शरीर अजून कोलंबियाच्या पाचोळ्यासाठीच घडत होते. पाचोळा राखला गेला, तर ती तयारी वाया जाणार नाही.